कृत्रिम सांध्याभोवतीच्या मांडीच्या अस्थिभंगाचे प्लेट-स्थिरीकरण

खुब्याचा किंवा गुडघ्याचा कृत्रिम सांधा बसवलेल्या व्यक्तीच्या मांडीचे हाड त्या सांध्याच्या आसपास मोडल्यास, मोडलेले भाग धातूची पट्टी, स्क्रू आणि धातूच्या तारांचे दोर यांच्या साहाय्याने जागेवर धरून ठेवण्याच्या शस्त्रक्रियेस कृत्रिम सांध्याभोवतीच्या अस्थिभंगाचे प्लेट-स्थिरीकरण असे म्हणतात. बोलीभाषेत या पट्टीला सर्वत्र ‘प्लेट’ हाच शब्द रूढ असल्यामुळे या लेखात तोच वापरला आहे. हा अस्थिभंग मुख्यतः वृद्धांमध्ये, घरातल्या घरात घसरून पडण्यासारख्या किरकोळ अपघाताने होतो. त्याचे परिणाम मात्र किरकोळ नसतात. योग्य उपचार वेळेवर न झाल्यास रुग्ण कायमचा अंथरुणास खिळू शकतो आणि पहिल्या वर्षातील मृत्यूचा धोका खुब्याच्या नेहमीच्या अस्थिभंगाइतकाच गंभीर मानला जातो.

या शस्त्रक्रियेचे यश एका प्रश्नाच्या अचूक उत्तरावर अवलंबून असते. तो प्रश्न म्हणजे, हाड मोडल्यानंतर आतील कृत्रिम सांधा हाडात घट्ट बसलेला आहे की सैल झाला आहे? सांधा घट्ट असेल तर प्लेट हा योग्य उपाय ठरतो. सांधा सैल असताना नुसती प्लेट बसवली, तर हाड बहुधा जुळत नाही आणि कालांतराने प्लेटच तुटते किंवा उखडते.

मांडीचे हाड आणि कृत्रिम सांधा

मांडीचे हाड, म्हणजे ऊर्वस्थी, हे मानवी शरीरातील सर्वांत लांब हाड होय. त्याच्या वरच्या टोकाचा गोल भाग कमरेच्या हाडातील खोबणीत बसून खुब्याचा सांधा तयार होतो, तर खालचे रुंद टोक गुडघ्याच्या सांध्याचा वरचा भाग बनते. मधला दांड्यासारखा भाग आतून पोकळ असून त्या पोकळीत अस्थिमज्जा असते.

खुब्याचे सांधेरोपण करताना हाडाचा खराब झालेला गोल भाग काढून टाकतात आणि धातूचा एक लांब दांडा (स्टेम) हाडाच्या पोकळीत उतरवतात. हा दांडा अस्थि-सिमेंटने चिकटवला जातो, किंवा सिमेंट न वापरता दाबून बसवला जातो. दुसऱ्या प्रकारात पुढे हाडच त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर वाढून त्याला धरून ठेवते. गुडघ्याच्या सांधेरोपणात मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर धातूचे टोपण बसवतात. त्यास नेहमी लांब दांडा असतोच असे नाही.

हाड थोडे लवचीक असते, धातूचा दांडा मात्र ताठ असतो. बांबूच्या पोकळीत अर्ध्यापर्यंत लोखंडी सळई घालून तो वाकवला, तर सळई जेथे संपते तेथेच तो मोडण्याचा संभव अधिक असतो. खुब्याच्या दांड्याच्या टोकाशी मांडीच्या हाडाची अवस्था अशीच असते. गुडघ्याच्या बाबतीत टोपणाच्या लगेच वर, जेथे हाड रुंद पण ठिसूळ असते, तेथे मोड होते. एकाच मांडीत वर खुब्याचा आणि खाली गुडघ्याचा असे दोन्ही कृत्रिम सांधे असतील, तर मधल्या हाडावर दोन्ही बाजूंनी ताण एकवटतो. तेथील मोड जोडणे विशेष कठीण असते.

कारणे

सर्वांत सामान्य कारण म्हणजे अस्थिठिसूळता असलेल्या व्यक्तीचे उभ्या उंचीवरून पडणे. याखेरीज पुढील बाबी धोका वाढवतात :

• सांध्यातील प्लॅस्टिकचा भाग वर्षानुवर्षे झिजून त्याचे सूक्ष्म कण आसपास पसरणे व त्यांच्या प्रतिक्रियेमुळे हाड विरघळत जाणे. ही क्रिया बराच काळ वेदनेशिवाय चालू राहू शकते.
• सांधा सैल होणे.
• सांधा एकदा बदलून पुन्हा बसवलेला असणे.
• संधिवाताभ आजार आणि दीर्घकाळ स्टेरॉइड औषधे घेणे.
• कंपवात, पक्षाघात, दृष्टिदोष यांमुळे तोल जाणे.
• मूळ शस्त्रक्रियेच्या वेळी हाडाला पडलेली चीर. सिमेंट न वापरता दांडा दाबून बसवताना ही शक्यता अधिक असते.

तरुण रुग्णांमध्ये कारण निराळे असते. भारतात खुब्याच्या गोलाचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो खचण्याच्या विकारामुळे अनेकांना तिशी-चाळिशीतच सांधेरोपण करावे लागते. अशी व्यक्ती कामावर जाते, दुचाकी चालवते. तिचे हाड मजबूत असले, तरी वाहनाच्या अपघातात ते दांड्याच्या टोकाशी मोडू शकते.

वर्गीकरण

खुब्याच्या सांध्याभोवतीच्या अस्थिभंगासाठी जगभर ‘व्हँकूव्हर वर्गीकरण’ वापरले जाते. डंकन आणि मसरी या कॅनडातील शल्यचिकित्सकांनी ते १९९५ मध्ये मांडले. त्याचे वैशिष्ट्य असे की, ते मोडीच्या जागेबरोबरच दांड्याची घट्टता आणि हाडाची प्रत यांचाही विचार करते.

प्रकार ए : हाडाच्या वरच्या भागातील उंचवट्यांची मोड. तुकडे फारसे सरकले नसतील तर पुष्कळदा शस्त्रक्रियेची गरज पडत नाही.

प्रकार बी-१ : दांड्याभोवती किंवा त्याच्या टोकाशी मोड, परंतु दांडा घट्ट. उपचार : प्लेट-स्थिरीकरण.

प्रकार बी-२ : त्याच जागी मोड, दांडा सैल, हाडाची प्रत चांगली. उपचार : सामान्यतः जुना दांडा काढून मोडीच्या पलीकडे पोहोचणारा लांब दांडा बसवणे.

प्रकार बी-३ : दांडा सैल आणि हाडही झिजलेले. उपचार : अधिक गुंतागुंतीचे पुनर्रोपण. काही वेळा हाडाचा वरचा भागच कृत्रिम बसवावा लागतो.

प्रकार सी : दांड्याच्या टोकापासून बरीच खाली मोड. उपचार : प्लेट, मात्र ती वर दांड्याच्या भागापर्यंत पोहोचेल इतकी लांब.

गुडघ्याच्या सांध्यावरील अस्थिभंगासाठी लुईस आणि रोराबेक यांचे वर्गीकरण प्रचलित आहे. त्यात तुकडे न सरकलेली मोड, तुकडे सरकलेली पण सांधा घट्ट असलेली मोड आणि सांधा सैल असलेली मोड असे तीन प्रकार आहेत. म्हणजे येथेही निर्णय सांध्याच्या घट्टपणावरच येऊन ठेपतो.

निदान

रुग्णास मांडीत तीव्र वेदना होतात, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो आणि त्यावर भार देता येत नाही. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत संपूर्ण हाडाची समोरून व बाजूने क्ष-किरण छायाचित्रे घेतली जातात. केवळ मोडलेल्या जागेचे छायाचित्र अपुरे असते, कारण प्लेटची लांबी ठरवण्यासाठी वरची आणि खालची दोन्ही टोके दिसावी लागतात.

सांधा सैल आहे का, हे ओळखण्यासाठी डॉक्टर पुढील गोष्टी पाहतात : पडण्यापूर्वी, विशेषतः बसून उठताना पहिल्या काही पावलांत, मांडीत दुखत होते का, दांडा पूर्वीपेक्षा खाली सरकला आहे का, दांडा वा सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये काळी रेषा दिसते का, सिमेंटला तडा गेला आहे का. यासाठी जुनी छायाचित्रे अत्यंत मोलाची ठरतात. दांडा खाली सरकला आहे हे तुलनेखेरीज सांगता येत नाही. आवश्यकतेनुसार सीटी स्कॅन करतात. जंतुसंसर्गाची शंका असल्यास रक्ततपासणी करतात व सांध्यातील द्रव तपासतात. तरीही काही वेळा खरी स्थिती शस्त्रक्रियेच्या टेबलावरच कळते. म्हणून प्लेटची तयारी करतानाच पुनर्रोपणाचे साहित्यही जवळ ठेवणे इष्ट मानले जाते.

उपचारांचा इतिहास

आधुनिक खुबा-सांधेरोपणाचा पाया इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन चार्न्ली यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी घातला. सांधेरोपणे वाढली तसे त्यांच्या भोवतीचे अस्थिभंगही दिसू लागले. सुरुवातीस अशा रुग्णांना वजन लावून पाय ताणलेल्या अवस्थेत कित्येक आठवडे झोपवून ठेवीत. त्यातून शय्याव्रण, न्यूमोनिया, शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या आणि वाकडे जुळलेले हाड अशा अडचणी उद्भवत.

ऑग्डेन आणि रेंडाल यांनी १९७८ मध्ये एक मिश्र पद्धत सुचवली : प्लेटचा खालचा भाग स्क्रूंनी पक्का करायचा आणि वरचा भाग, जेथे दांड्यामुळे स्क्रूला वाट नसते, हाडाभोवती आवळलेल्या पट्ट्यांनी बांधायचा. पुढे पट्ट्यांची जागा धातूच्या दोरांनी घेतली. काही केंद्रांत दात्याच्या हाडाच्या चिपा प्लेटच्या समोरील बाजूस बांधून अधिक आधार दिला जाऊ लागला.

यातील मोठा बदल एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘लॉकिंग प्लेट’मुळे घडला. अस्थिभंगाच्या शास्त्रशुद्ध उपचारांसाठी १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या ‘एओ’ या शल्यचिकित्सकांच्या गटाचे या विकासात महत्त्वाचे योगदान आहे.

प्लेट कशी काम करते

जुन्या पद्धतीच्या प्लेटमध्ये स्क्रू प्लेटला हाडावर दाबून धरतो व त्या दाबातून निर्माण होणाऱ्या घर्षणावर जोड टिकतो. ठिसूळ हाडात स्क्रूची पकड सुटते आणि सारी रचना ढिली होते. शिवाय दाबामुळे हाडावरील आवरणाचा रक्तपुरवठाही घटतो.

लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि ते प्लेटच्या छिद्रातील आट्यांत घट्ट बसतात. त्यामुळे स्क्रू व प्लेट मिळून एकच ताठ चौकट तयार होते. एकेक स्क्रू उपटला जाण्याऐवजी सर्व स्क्रू मिळून भार पेलतात. प्लेट हाडावर दाबावी लागत नाही. दांड्याने पोकळी व्यापलेली असते तेथे हाडाच्या केवळ अलीकडच्या भिंतीत रोवलेला आखूड स्क्रूही उपयोगी पडतो. काही प्लेटांत स्क्रू तिरपा घालून दांड्याच्या शेजारून नेण्याची सोय असते. जेथे तेही शक्य नसते, तेथे धातूचे दोर वापरतात. दोर आडव्या दिशेचा ताण चांगला सोसतात, पण पीळ रोखण्यात कमी पडतात. म्हणून शक्य तेथे स्क्रू आणि दोर यांचा संयुक्त वापर केला जातो.

प्लेटच्या लांबीस फार महत्त्व आहे. आखूड प्लेटच्या टोकाशी पुन्हा तोच ताण एकवटून नवी मोड होऊ शकते. म्हणून प्लेट दांड्याच्या टोकापलीकडे पुरेशी पुढे नेतात. हाडाच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर, असा सर्वसाधारण दंडक आहे. अलीकडे वृद्धांमध्ये जवळजवळ संपूर्ण हाडाला संरक्षण देणारी लांब प्लेट वापरण्याकडे कल आहे.

त्याचबरोबर रचना प्रमाणाबाहेर ताठही असू नये. तुकडे झालेल्या मोडीत हाड जुळण्यासाठी अत्यल्प हालचाल उपकारक असते. म्हणून मोडीजवळची काही छिद्रे मुद्दाम रिकामी ठेवली जातात. सरळ तिरप्या मोडीत मात्र दोन्ही तुकडे एकमेकांवर नीट दाबून बसवणे हितावह ठरते.

शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियेपूर्वी रक्तक्षय, हृदय, मूत्रपिंडे व रक्त पातळ करणारी औषधे यांचा विचार करून रुग्णास शक्य तितक्या लवकर तयार केले जाते. अकारण विलंब वृद्धांना घातक ठरतो. पाठीत इंजेक्शन देऊन किंवा संपूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया करतात. सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या साहाय्याने पाय ओढून हाडाची लांबी, सरळपणा आणि वळण पूर्ववत केले जाते.

प्लेट मांडीच्या बाहेरील बाजूस, स्नायूखाली बसवतात. शक्य असल्यास दोन लहान छेदांतून ती हाडालगत सरकवली जाते, त्यामुळे मोडीभोवतीचा रक्तपुरवठा अबाधित राहतो. दोर हाडाभोवती फिरवताना मांडीच्या आतील बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीस इजा होणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. गुडघ्याच्या सांध्यावरील मोडीत काही वेळा प्लेटऐवजी हाडाच्या पोकळीत सळई घालता येते, परंतु सांध्याच्या टोपणाची घडण सळईला वाट देणारी आहे की नाही, हे आधी माहीत असावे लागते. अतिशय ठिसूळ हाडात दोन प्लेट, अथवा सळई व प्लेट एकत्र वापरल्या जातात.

शस्त्रक्रियेनंतर

दुसऱ्या दिवसापासून बिछान्यावर बसणे, घोटा व गुडघा हलवणे आणि श्वसनाचे व्यायाम सुरू होतात. पायावर किती भार द्यावा, हे मोडीचा प्रकार व जोडाची मजबुती पाहून ठरवतात. पूर्वी सहा ते बारा आठवडे मर्यादित भार देण्याची प्रथा होती. वृद्धांना अर्धा भार मोजून चालणे जमत नसल्याने आता मजबूत जोड करून लवकर चालवण्यावर भर दिला जातो. हाड जुळण्यास साधारण तीन ते सहा महिने लागतात. जंतुसंसर्ग, हाड न जुळणे, प्लेट तुटणे, पाय आखूड किंवा वाकडा राहणे आणि रक्ताच्या गुठळ्या होणे, या संभाव्य गुंतागुंती आहेत. अस्थिठिसूळतेवरील औषधोपचार हाही या उपचाराचाच भाग मानला जातो.

मतभेद

बी-२ प्रकारात दांडा नेहमी बदललाच पाहिजे का, याविषयी एकमत नाही. सिमेंटने बसवलेल्या गुळगुळीत, निमुळत्या दांड्याच्या बाबतीत सिमेंट व हाड यांचा जोड शाबूत असेल आणि तुकडे मूळ जागी तंतोतंत बसवता येत असतील, तर निवडक रुग्णांत केवळ प्लेटही पुरते, असे मत पुढे आले आहे. लहान शस्त्रक्रिया सोसणे दुर्बल रुग्णास सोपे जाते, हा त्यामागील विचार आहे.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

भारतातील खुबा-सांधेरोपणाच्या आद्य शल्यचिकित्सकांमध्ये मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया यांची गणना होते. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केल्या. त्यामुळे गुडघ्याचे सांधेरोपण सर्वसामान्यांच्या चर्चेचा विषय झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सांधेरोपण झालेल्यांची संख्या वाढत असून ते वृद्ध होत आहेत. साहजिकच सांध्याभोवतीच्या अस्थिभंगांचा प्रश्नही आता मोठ्या शहरांपुरता मर्यादित राहिलेला नाही.

महाड व पोलादपूर परिसर

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड आणि पोलादपूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्री नदीच्या खोऱ्यात वसले आहेत. महाड औद्योगिक वसाहत बिरवाडीजवळ असून तेथे प्रामुख्याने रासायनिक कारखाने आहेत. वसाहतीतील कामगारवर्ग आणि डोंगरकपारीतील वाड्यांतील वृद्ध, असे दोन भिन्न जनसमूह येथे शेजारी नांदतात. वर सांगितलेली दोन्ही कारणे, म्हणजे महामार्गावरील दुचाकीचा अपघात आणि घराच्या पायरीवरील घसरण, या परिसरात लागू पडतात. पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या पायऱ्या, विहिरीचे काठ आणि अंगण यांवर शेवाळ धरते, आणि वृद्धांचे पडणे तेथेच अधिक संभवते.

या भागातील अनेक कुटुंबांतील मुले चाकरीनिमित्त मुंबईत असतात. आईवडिलांचे सांधेरोपण मुंबईत होते, आणि बरे वाटू लागले की ते गावी परततात. पुढे दहा-पंधरा वर्षांनी हाड मोडते ते गावात, पण सांध्याची कागदपत्रे आणि जुनी छायाचित्रे मुंबईच्या खोलीत राहिलेली असतात. सांधा घट्ट की सैल, हा निर्णायक प्रश्न सोडवण्याचे साधनच अशा वेळी हाताशी नसते.

दळणवळणाचा भागही महत्त्वाचा आहे. मुंबई–गोवा महामार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातो. पुण्याकडे जाण्यासाठी महाडहून वरंधा घाट आणि महाबळेश्वरकडे जाण्यासाठी पोलादपूरहून आंबेनळी घाट आहे, परंतु पावसाळ्यात दरडींमुळे हे घाट वारंवार बंद होतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल वाहून गेला. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराखाली गेले आणि तळिये येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. अशा दिवसांत रुग्णास दूरच्या शहरी नेणे दुरापास्त होते. म्हणून ज्या रुग्णालयात प्लेट व पुनर्रोपण या दोन्हींची सोय आहे तेथेच, पहिल्याच खेपेस रुग्ण पोहोचणे येथे अधिक अगत्याचे ठरते.

जुलै २०१२ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत रायगडचा समावेश होता. २०१७ पासून ही योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. संबंधित उपचार योजनेत बसतो का, याची माहिती संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून मिळते.

प्रथमोपचार आणि नोंदी

कृत्रिम सांधा असलेली व्यक्ती पडून उठू शकत नसेल, तर तिला उभे करण्याचा प्रयत्न करू नये. मांडी चोळू नये, ओढून सरळ करू नये किंवा आवळून बांधू नये. पाय आहे त्या स्थितीत उशा अथवा लाकडी फळीचा आधार देऊन स्थिर ठेवावा. पावलाचा रंग, ऊब व बोटांची हालचाल पाहावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तातडीने शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज खाण्यास देऊ नये.

रुग्णाबरोबर पुढील कागद न्यावेत : सांधेरोपणाच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, सांध्याचा प्रकार व आकार दर्शवणारे स्टिकर, शस्त्रक्रियेनंतरची छायाचित्रे आणि चालू औषधांची यादी. यांची एक प्रत गावच्या घरी आणि एक मोबाइलमध्ये ठेवल्यास शल्यचिकित्सकास निर्णय घेणे सोपे जाते.

प्रतिबंध

न्हाणीघरात व पायऱ्यांवर धरण्यासाठी दांडा, रात्री दिवा, शेवाळ घासून काढणे, न घसरणारी पादत्राणे, डोळ्यांची तपासणी आणि आवश्यक तर काठी, या साध्या उपायांनी पडण्याचे प्रमाण कमी होते. कृत्रिम सांधा दुखत नसला तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने त्याचे क्ष-किरण छायाचित्र काढावे. झिजेमुळे विरघळणारे हाड प्रारंभी दुखत नाही, ते छायाचित्रातच दिसते. मांडीत नव्याने सुरू झालेले दुखणे वयोमानावर ढकलू नये. सांधा सैल होत असल्याची ती खूण असू शकते आणि हाड मोडण्यापूर्वी ती लक्षात आली, तर उपचार बराच सोपा होतो.